मळीतल्या एकोणीस काठ्या

पूर ओसरला की आमची मळी दोन-तीन आठवडे कुणाचीच नसते. नदीची नसते, कारण नदी आपल्या पात्रात परत गेलेली असते. आमची नसते, कारण पाय टाकला की गुडघ्यापर्यंत गाळ. नुसती पडून असते. ओली, चकाकत, मधे मधे पाण्याची डबकी, आणि त्या डबक्यांत ढग. मग एक दिवस सकाळी दार उघडावं तर सगळं हिरवं. महिन्याभरात गवत कमरेला लागतं, दीड महिन्यात आईच्या डोक्यावरून जातं.

नदी आणि बांध यांच्या मधला हा सपाट पट्टा. जमीन सरकारची, पण गवत कापायचं आम्ही, आजोबांपासून. घरात दोन म्हशी. एक मोठी आणि एक धाकटी, तीच त्यांची नावं. दूध होडीतून पलीकडच्या काठावर जातं आणि त्यावर घर चालतं. मळीचं गवत वेळेत कापून, वाळवून, गंज रचली की पुढच्या पुरापर्यंत म्हशींची चिंता नाही. गंज बुटकी झाली तर एक म्हैस जाणार. हे आमच्या घरात कुणी बोलत नाही, पण गंज रचताना आई सारखी मागे सरून तिच्या उंचीकडे बघते.

त्या वर्षी गंज रचायच्या आधीच घोळ झाला. घोळाची सुरुवात माझ्यापासून झाली, हे आधीच सांगून टाकतो.

मला घरात पेंगुळ्या म्हणतात. उगाच नाही म्हणत. धार काढताना म्हशीच्या पोटाला डोकं टेकून मी झोपलेलो आहे. होडीत उभ्या उभ्या झोपलेलो आहे. आई आल्यागेल्याला सांगते, "हा जन्मला तेव्हा रडला नाही. जांभई दिली."

तर एका दुपारी नावाडी काकांनी माझ्या हातात लिफाफा दिला. म्हणाले, "ऑफिसचा आहे. आबांना दे. आजच दे, झोपू नको."

मी हसलो. लिफाफा खिशात घातला. गोठ्यात पेंडीचं पोतं उतरवायचं होतं, घामाने कागद भिजेल म्हणून तो फळीवर ठेवला. पोतं उतरवलं. पोत्यावरच जरा बसलो. उठलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि लिफाफा माझ्या डोक्यातून साफ गेला होता.

दोन दिवसांनी आम्ही तिघं, आई, वडील म्हणजे आबा, आणि मी, पलीकडे गेलो. दूध घालायचं होतं आणि विळ्यांना धार लावून आणायची होती. परत आलो तर मळीत काठ्या.

बांबूच्या, छातीएवढ्या. प्रत्येकीच्या टोकाला लाल चिंधी, चिंधीखाली काळ्या रंगात आकडा. वारा आला की गवत झुकायचं आणि काठ्या दिसायच्या. वारा गेला की परत गवत. जणू कुणीतरी खाली लपून लाल बोट वर करतंय आणि खाली घेतंय.

आबा बांधावरच थांबले. विळ्यांचा गठ्ठा खाली ठेवला.

"आले परत," एवढंच म्हणाले.

बांध घातला तेव्हा आमचं वरचं रान त्यात गेलं. तेव्हाही आधी अशाच काठ्या आल्या होत्या, अशाच लाल चिंध्या. आबा विचारायला ऑफिसात गेले, तर शिपायाने दारातच सांगितलं, फरशी पुसली आहे, पाय धुऊन या. आबा नळ शोधून पाय धुऊन आले तोवर साहेब निघून गेले होते. आबांनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही. आई सांगते, आबा घरात नसताना.

"कुणाला तरी विचारू आधी," मी म्हणालो.

"मागे विचारलं होतं. रान आलं परत?"

आणि ते मळीत उतरले. एकेक काठी उपटायची, काखेत धरायची, पुढची. गाळ ओला होता, काठ्या लोण्यातून निघाव्या तशा निघत होत्या. एकोणीस निघाल्या.

आई म्हणाली, "बांबू चांगला आहे, जाळू नका." तिने त्या परसात घेवड्याच्या वेलांना लावल्या. चिंध्या सोडून भांडी घासायला घेतल्या. तीन दिवसांत घेवडा चार नंबरवर वीतभर चढला.

तिसऱ्या दिवशीच मी दूध घेऊन होडीत चढलो तर नावाडी काका वल्हं मारता मारता म्हणाले, "ऑफिसची ती पोरगी चांगली आहे हां. दिवसभर उन्हात रांगत होती तुमच्या मळीत. आबा काय म्हणाले पत्र वाचून?"

मी पलीकडे दूध घातलं आणि त्याच होडीने परतून गोठ्यातल्या फळीकडे पळालो.

गोठ्यात उभं राहून मी पत्र मोठ्याने वाचलं. आबा खाली बसले होते, आई दाराला टेकून होती. पत्रात लिहिलं होतं की नदीकाठच्या सगळ्या मळ्यांमध्ये जमिनीवर घरटी करणारे पक्षी कमी होत चालले आहेत. तुमच्या मळीत दुर्बिणीतून एकोणीस घरटी सापडली, येत्या दोन दिवसांत प्रत्येकाजवळ काठी रोवली जाईल. काठीभोवती दहा पावलं गवत उभं ठेवा, उघडं पडलं की घार-कावळे अंडी सोडत नाहीत. बाकीचं सगळं खुशाल कापा. मात्र खुणेचं एकही घरटं मोडलं तर पुढच्या वर्षीपासून या मळीत कापणी बंद. कापणीच्या दिवशी आमच्या बाई हजर राहतील. खाली तारीख. आठ दिवस उरले होते.

मोठीने शेपटी आपटली.

"जमीन घ्यायला नव्हते आले," आई म्हणाली. "अंडी मोजायला आले होते."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "कुठे होतं हे?"

"फळीवर."

"किती दिवस?"

"पाच."

मला वाटलं आता हात उठेल. नाही उठला. ते उठून परसात गेले आणि चार नंबरवरचा वेल सोडवायला लागले. त्यांच्या जाड बोटांना वेलाचे ते कोवळे वेढे सुटेनात. एक तुटला तर "अरेरे" म्हणाले. वेलाला.

"बाईंना सांगून टाकू," आई मागून म्हणाली. "चुकून झालं म्हणू."

"आणि परत पाय धुऊन येऊ?"

आपण मागून काय काय सांगतो ते ह्यांना माहीत आहे, हे आईला त्या दिवशी कळलं.

तर असं ठरलं की काठ्या होत्या तिथे परत लावायच्या, आठ दिवसांत, आणि कुणाला काही बोलायचं नाही.

आबा म्हणाले, सोपं आहे. काठी उपटली तिथे भोक असणार. भोकं शोधायची. सकाळी आम्ही तिघं हातापायांवर मळीत शिरलो. वरून चालत गेलं तर काहीच दिसत नाही, रांगावंच लागतं. आणि रांगायला लागल्यावर कळलं की मळीत भोकंच भोकं. खेकड्यांची. पावलागणिक चार. आबांनी एका भोकात बोट घातलं, "हे काठीचं," म्हणाले, आणि मग जे ओरडले ते पलीकडच्या काठाला ऐकू गेलं असेल.

"कितवा नंबर?" आईने गवतातून विचारलं.

दोन दिवस हेच. गुडघे सोलले, कोपरांना गाळाचा लेप बसला, गवताच्या पात्यांनी गालांवर बारीक बारीक रेघा. संध्याकाळी आम्ही तिघं पायरीवर ओळीने बसायचो आणि आई गरम पाण्यात फडकं भिजवून आधी आबांचे गुडघे शेकायची, मग माझे, मग स्वतःचे. भोक एकही सापडलं नाही. आठ नंबर डबक्याजवळ होता हे आबांना नक्की आठवत होतं. डबकी चौदा होती.

पण खरं सांगतो, मला ते रांगणं आवडायला लागलं होतं. मी ह्या मळीत लहानाचा मोठा झालो आणि मला ती फक्त वरून माहीत होती. वरून ती म्हणजे चारा. खाली शिरलं की दुसरीच गोष्ट. उजेड हिरवा होतो. आवाज लांब जातो, आई दहा हातांवर खोकली तरी दुसऱ्या गावात खोकल्यासारखी वाटते. गवताच्या बुडाशी गाळ कोमट असतो आणि त्याला पावसाचा, माशाचा आणि पिकल्या फळाचा असा एकत्र वास असतो. नखाएवढे बेडूक. पुरात वाहून आलेल्या शिंपल्यात साठलेलं पाणी, त्यात तीन चिमुकले मासे, त्यांना वाटत असावं नदी एवढीच असते. एका काडीवर चतुर आपलं जुनं कातडं सोडून बाहेर येत होता, पंख ओल्या कागदासारखे चुरगळलेले. मी त्याचे पंख सरळ होईपर्यंत बघत राहिलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

आणि तिथेच झोपलो.

जाग आली ती चोचीच्या आवाजाने. टिक, टिक, टिक. डोळे किलकिले केले तर माझ्या नाकापासून दोन हातांवर एक लावा पक्षीण. गवताच्या रंगाची, गोल, मान नसल्यासारखी. ती माझ्या बाहीवरचे किडे टिपत होती. मी लाकूड आहे अशी तिची खात्री झाली असावी. मग ती चालत गेली, घाईत नाही, बाजारातून घरी जावं तशी. दोन झुपक्यांच्या मधे गवताची पाती चोचीने ओढून वरती छप्पर केल्यासारखं होतं, त्याखाली शिरली. गोल फिरली. बसली.

मी तसाच पडून राहिलो. मग उलटा सरपटत बाहेर आलो आणि आबांना म्हणालो, "एक काठी द्या."

"भोक मिळालं?"

"घरटं मिळालं."

तिथून पद्धत बदलली. भोकं सोडून दिली. पहाटे उजाडता उजाडता मी मळीत जाऊन आडवा व्हायचो. हलायचं नाही, शोधायचं नाही, नुसतं पडायचं. आबांनीही करून बघितलं. पण आबा पडले तरी त्यांचा श्वास कामाचा असतो, घोरल्यासारखा, आणि शिवाय त्यांना तंबाखू लागते. आईला सारखं काहीतरी आठवायचं, दूध उतू गेलं का, धाकटी सुटली का. त्यांच्या जवळ पाखरू फिरकेना. माझ्या अंगावरून टिटवी चालत गेली. पाणकोंबडी माझ्या पायाजवळ अंघोळ करून गेली, माझी पँट भिजली.

"कशाला तरी उपयोग झाला बाबा तुझ्या पेंगेचा," आई म्हणाली. असं कौतुक तिने माझं आधी कधी केलं नव्हतं.

मी अर्धा जागा, अर्धा झोपेत. पाखरं उतरायची, मी उतरण्याची जागा मनात धरायचो, ऊन वर आलं की सरपटत जाऊन बघायचो. कुठे चार अंडी, कुठे नऊ. कुठे गाळावरच ठेवलेली टिटवीची तीन, ठिपक्याठिपक्यांची, गाळाच्याच रंगाची. एकदा वाटलं मीही एक अंडं आहे आणि कुणीतरी ऊबदार माझ्यावर बसलं आहे. ते ऊन होतं.

काठी घेऊन यायचं काम आबांचं. काठी रोवायची, आईने घासणीतून परत धुऊन काढलेली चिंधी बांधायची. चिंध्या आता लाल राहिल्या नव्हत्या, गुलाबी झाल्या होत्या.

सातव्या दिवशी दुपारी एकोणिसावी काठी लागली. आई म्हणाली, "सुटलो." आबा गालातल्या गालात हसले. मी काही बोललो नाही, कारण मला आणखी आठ माहीत होती.

संध्याकाळी पायरीवर सांगितलं.

"आठ कसली?" आबा म्हणाले.

"घरटी. सगळी मिळून सत्तावीस आहेत. बाईंना एकोणीसच दिसली असतील."

आबा बराच वेळ आपल्या गुडघ्याची खपली काढत बसले. "कागदात किती आहेत?"

"एकोणीस."

"मग एकोणीस."

"पण आबा, आठ..."

"दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे. एकेका काठीला केवढं गवत जातं बघितलंस ना? एकोणिसांतच गंज छातीपर्यंत येणार. आणखी आठ सोडली तर धाकटीने काय खायचं? तुझी झोप?"

आई आत भांडी आवरत होती. तिचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला, जरा जास्तच जोरात.

"त्या आठांचं कुणाला माहीत नाही," आबा म्हणाले. मग स्वतःलाच सांगितल्यासारखं, "कुणालाच नाही."

मी म्हणालो नाही की मला माहीत आहे. मी म्हणायला हवं होतं. पण पाच दिवस पत्र फळीवर ठेवणाऱ्याने काय बोलावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून बाई आल्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. ऊन लागून नाकाचं साल निघालेलं, डाव्या बुटाचा तळ उघडलेला, दोरीने बांधलेला. हातात वही. आल्या आल्या त्यांनी आमच्या पायरीखाली बूट काढायला घेतले, तर आई म्हणाली, "अगं राहू दे, गाळ काय आम्हाला नवा आहे?"

आम्ही चौघं मळीत गेलो. बाईंनी वहीत मळीचा नकाशा काढला होता, हाताने, छान, डबकी निळी आणि प्रत्येक काठी लाल ठिपक्याने. त्या पहिल्या काठीपाशी थांबल्या. वहीत बघितलं. काठीकडे बघितलं.

"सात नंबर इथे होता का?"

आबा विळ्याची धार अंगठ्याने बघत होते.

"मला वाटतं सात डबक्याच्या अलीकडे होता," बाई म्हणाल्या. वाकून बघितलं. घरटं होतं. अंडी होती. "नाही, आहे खरं इथे." पुढे गेल्या. "बारा... बारा तर मी बांधाजवळ लावलेली." तिथेही घरटं. त्यांचा चेहरा उतरायला लागला. "गवत वाढलं की मला सगळं सारखंच दिसतं. पहिल्यांदाच एवढं मोठं काम दिलंय मला. साहेब म्हणालेच होते, नकाशा नीट काढ."

आणि त्यांनी खोडरबर काढलं. काखेत वही धरून, उन्हात उभं राहून, तो बरोबर काढलेला नकाशा खोडायला लागल्या. एकेक लाल ठिपका. खोडल्याचा चुरा फुंकरीने उडवायचा, चुकीच्या जागी नवा ठिपका काढायचा.

मी आबांकडे बघितलं. आबा दुसरीकडे बघत होते, पण त्यांची मान लाल झाली होती.

"लिहिण्यात चुकतं माणूस," आई हळूच म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

कापणी सुरू झाली. आम्ही तिघं उकिडवे, एका ओळीत. डाव्या हाताने मूठभर गवत धरायचं, उजव्या हाताने विळा ओढायचा, मूठ मागे टाकायची, पाऊल सरकवायचं. खर्र, खर्र. कापलेल्या गवताचा वास डोक्यात चढतो, थोडी गुंगी येते. काठी आली की दहा पावलं सोडून वळसा. बाई मागून चालत होत्या, वळसा बरोबर आहे का बघत. मधेच त्यांनी पेंढ्या उचलायला हात लावला. आई म्हणाली, "राहू दे हो," पण त्यांनी ऐकलं नाही. पेंढी बांधता येत नव्हती. आईने दाखवली.

"वरच्या आठ मळ्यांत मिळून मला अकरा घरटी मिळाली," पेंढी बांधता बांधता बाई म्हणाल्या. "इथे एकट्या मळीत एकोणीस. मी ऑफिसात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. आता जागाच चुकल्यात म्हटल्यावर तर..."

दुपार कलली तशी आमची ओळ मळीच्या मधोमध आली. मला माहीत होतं पुढे काय आहे. दोन झुपके, मधे पात्यांचं छप्पर. तीच माझ्या बाहीवरचे किडे टिपणारी. तिच्या छपरावर काठी लागायच्या आधीच मला दुसऱ्या बाजूला एकोणिसावं दिसलं होतं आणि काठी तिकडे गेली. नाही, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी तिलाच काठी दिली होती. पण आदल्या संध्याकाळी, त्या आठांचं सांगून झाल्यावर, आबा म्हणाले मधली एक काठी काढून काठाजवळच्या घरट्याला दे, तिथे तसंही गवत विरळ आहे, आणि मी तिची काढून दिली. मी माझ्या हाताने काढून दिली.

ती आबांच्या वाटेत होती.

मी विळा चालवत होतो पण डोळे आबांच्या हातावर. मूठ, विळा. मूठ, विळा. आबांनी डावा हात पुढे घातला, गवताची मूठ धरली.

आणि थांबले.

विळा गवताला टेकलेला. मूठ आवळलेली. आबा तसेच उकिडवे. मी सरकत जवळ गेलो. त्यांच्या मुठीत गवत होतं आणि गवताच्या आत ती होती. उडाली नव्हती. अंड्यांवर बसलेली लावा उडत नाही, शेवटपर्यंत. आबांची दोन बोटं तिच्या पाठीवर होती.

"गरम आहे," आबा म्हणाले. अगदी हळू. "एवढीशी आहे आणि कढत आहे रे."

"हो."

"हृदय लागतंय हाताला. केवढं पळतंय."

त्यांनी एकेक बोट सोडलं. पाती आपोआप परत जागेवर आली. त्यांनी विळा मागे घेतला आणि तसेच बसून राहिले, तळहात उघडा ठेवून, त्यात काहीतरी अजून आहे असं. आईही येऊन उभी राहिली. वारा पडला होता. सगळी मळी श्वास धरल्यासारखी.

मग आबा उठले. गुडघे कटकट वाजले. खांद्यावरचा टॉवेल काढला, दातात धरून फाडला. चर्र. परत फाडला. आठ पट्ट्या झाल्या. एक त्यांनी त्या झुपक्याच्या शेंड्याला बांधली आणि सात माझ्या हातात दिल्या.

"जा. तुला माहीत आहेत."

आई म्हणाली, "अहो, धाकटी."

"माहीत आहे मला."

ते चालत बाईंकडे गेले. बाई पेंढीवर बसून वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आबा समोर उभे राहिले. ऑफिसात राहतात तसे, हात पुढे बांधून.

"बाई, तुमचा नकाशा बरोबर होता."

"कुठला?"

"खोडलात तो. तुम्ही गेल्यावर काठ्या मी उपटल्या. मला वाटलं जमीन घ्यायला आलात. परत लावल्या त्या आमच्या आम्ही घरटी शोधून. म्हणून जागा बदलल्या. तुमची चूक नाही त्यात."

बाई बघतच राहिल्या. "शोधलीत? मला पलीकडच्या काठावरून चार दिवस लागले. माझ्याकडे दुर्बीण होती."

"आमच्याकडे हा होता," आबांनी मागे न बघता अंगठा माझ्याकडे केला. "आणि एकोणीस नाहीत. सत्तावीस आहेत. लिहा."

बाईंनी पेन्सिल हातात घेतली, पण लिहिलं नाही. "काठ्या उपटल्याचं पण लिहावं लागेल मला."

"लिहा ना."

"ऑफिसवाले बोलावतील तुम्हाला."

"येईन," आबा म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पाय धुऊनच येईन."

आईला हसू आलं. तिने तोंडाला पदर लावला. मग मलाही आलं. बाईंना काही कळलं नाही, पण त्या पण हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसून त्यांनी वहीचं नवं पान काढलं.

कापणी पाच दिवस चालली. संपली तेव्हा मळी अशी दिसत होती की कुणाचे तरी केस घाईघाईत कापले आणि सत्तावीस ठिकाणी विसरले. नावाडी काका होडीतून ओरडले, "न्हाव्याला पैसे देऊ नका!"

गंज रचली. आई मागे सरून बघायची तशी सरली. गंज तिच्या छातीलाही लागली नाही. ती गोठ्यात गेली आणि धाकटीच्या अंगावरचा गाळ ओल्या फडक्याने पुसायला लागली. कानामागे, शिंगांच्या बुडाशी, डोळ्यांच्या कडा. मी समजलो.

धाकटी पलीकडे मामाकडे गेली. होडीला दोर बांधून पोहत. नाक तेवढं पाण्यावर, मागे लांब रेघ. आई काठावर उभी राहिली. आबा होडीत बसले होते, एक हात पाण्यात, धाकटीच्या शिंगावर. मधल्या धारेत ती एकदा मागे वळून बघायला गेली, तर आबा तिला काहीतरी म्हणाले. काय ते ऐकू आलं नाही.

एका म्हशीचं दूध सगळं पलीकडे जातं. घरात चहा काळा झाला. पहिल्या दिवशी आबांनी पायरीवर बसून घोट घेतला आणि तोंड असं केलं की आई म्हणाली, "औषध नाही ते, प्या."

"कडू आहे."

"मग मळीकडे बघत प्या."

आबा बघत बसले. ऊन अजून गवताच्या शेंड्यांवरच होतं. उभ्या राहिलेल्या एका झुपक्यातून ती बाहेर आली, गोल, मान नसलेली. तिच्या मागे एक पिलू. मग एक. मग एकदम चार, एकमेकांना अडखळत. कापलेल्या जमिनीवरून ती रांग पुढच्या झुपक्याकडे निघाली.

आबांनी कप खाली ठेवला आणि बोटांवर मोजायला लागले. "सहा... सात..."

"अंडी नऊ होती," मी म्हणालो.

"थांब ना जरा." ते पुढे वाकले. रांग अर्ध्यावर पोचली होती. "येतील मागून. तू बोलू नको."

चहा गार झाला. आईने तो आत नेला, परत गरम केला, आणून ठेवला. आम्ही तिघंही हललो नाही.